नेटवर्किंगमधल्या संशोधकाचा प्रभाव कसा ओळखायचा? सॅली फ्लॉइड यांच्या कामावरून सांगतो

तुम्ही विचारलंय की एम.टेक.च्या सेमिनारसाठी कॉम्प्युटर नेटवर्किंगमधल्या एका संशोधकाच्या प्रकाशनांचा आणि प्रभावाचा आढावा घ्यायचा आहे, तर कुणाला निवडावं? आणि गुगल स्कॉलरवरची सायटेशन (इतरांनी पेपरांचा किती वेळा संदर्भ दिला) आणि एच-इंडेक्स (त्यावरूनच काढलेला प्रभावाचा आकडा) मांडले की काम भागेल का?

सॅली फ्लॉइड यांना निवडा. आणि नाही, आकड्यांवर भागणार नाही, त्यांच्या बाबतीत तर अजिबातच नाही. त्यांच्या ज्या पेपरला सगळ्यात जास्त सायटेशन आहेत, त्यातली पद्धत जितकी शिफारस झाली तितकी कधी चालू झालीच नाही. उलट ज्या कागदांची नावं विद्यार्थ्यांना सहसा ठाऊक नसतात, त्यांच्यामुळे आज तुमच्या फोनमधून निघणाऱ्या प्रत्येक आयपी पॅकेटच्या (डेटाच्या तुकड्याच्या) हेडरमध्ये, म्हणजे पत्ता असलेल्या भागात, दोन बिट राखून ठेवलेले आहेत. हा फरक समजून घेतलात तर तुमचा सेमिनार नुसती यादी राहणार नाही. मी नेटवर्किंगच्याच कामात आहे आणि या बाईंच्या कामाबद्दल मला फार आदर आहे, त्यामुळे उत्तर लांबणार.

आधी थोडी ओळख. फ्लॉइड यांचा जन्म १९५० चा, अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातल्या शार्लट्सव्हिलचा. १९७१ साली बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून त्यांनी पदवी घेतली ती समाजशास्त्रात, गणित जोडविषय. पुढे सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या 'बार्ट' या रेल्वेसेवेत काही वर्षं कॉम्प्युटर सिस्टिम्सचं काम केलं. मग पुन्हा बर्कलीत शिकायला आल्या आणि १९८९ मध्ये रिचर्ड कार्प यांच्या हाताखाली पीएचडी केली. तेव्हा त्या एकोणचाळीस वर्षांच्या होत्या. प्रबंधाचा विषय नेटवर्किंगचा नव्हताच. यंत्राला उदाहरणांवरून शिकता येण्याच्या गणिती सिद्धांताचा होता. त्याच धाग्यातला मॅनफ्रेड वॉरमुथ यांच्याबरोबरचा १९९५ चा पेपर मशीन लर्निंगच्या सिद्धांतात आजही वाचला जातो, आणि तो वाचणाऱ्या कित्येकांना ही फ्लॉइड म्हणजे इंटरनेटवाली फ्लॉइड हे माहीत नसतं. तुमच्या सेमिनारमध्ये एक वाक्य यावर जरूर टाका. गर्दीच्या नियंत्रणात त्यांनी संभाव्यतेचा वापर इतक्या सहजपणे कसा केला, ते यावरून थोडंफार उमगतं.

त्यानंतर लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा, १९९९ पासून बर्कलीतलीच इंटरनॅशनल कॉम्प्युटर सायन्स इन्स्टिट्यूट, २००९ मध्ये निवृत्ती, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये निधन. २००५ चा आयईईई इंटरनेट पुरस्कार आणि २००७ चा सिग्कॉम पुरस्कार हे दोन मोठे सन्मान. आता कामाकडे वळतो.

फ्लॉइड ज्या प्रयोगशाळेत गेल्या, तिथेच ऑक्टोबर १९८६ मध्ये इंटरनेट अक्षरशः गुदमरलं होतं. प्रयोगशाळा आणि विद्यापीठ यांच्यात अंतर जेमतेम चारशे यार्ड, पण त्या मार्गावरचा वेग सेकंदाला ३२ हजार बिटवरून ४० बिटवर आला. पॅकेट हरवलं की सगळे पुन्हा पाठवायचे, त्याने गर्दी आणखी वाढायची, आणि आणखी पॅकेटं हरवायची. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ च्या पेपरात यावर उपाय मांडला: पाठवणाऱ्याने हळूहळू वेग वाढवावा आणि पॅकेट हरवलं की ती गर्दीची खूण समजून वेग झटकन कमी करावा. टीसीपीचं (म्हणजे दोन टोकांमध्ये डेटा भरवशाने पोचवणाऱ्या प्रोटोकॉलचं) कंजेशन कंट्रोल म्हणतात ते हेच. फ्लॉइड यांनी इथून पुढचा प्रश्न हातात घेतला: गर्दी ओळखायला पॅकेट हरवेपर्यंत थांबायचंच कशाला?

राउटरची (पॅकेटं पुढच्या वाटेला लावणाऱ्या उपकरणाची) रांग पूर्ण भरेपर्यंत काहीच करायचं नाही आणि भरली की येणारं प्रत्येक पॅकेट टाकून द्यायचं, ही तेव्हाची साधी रीत. याचे दोन तोटे. रांग कायम भरलेली राहते, म्हणून प्रत्येक पॅकेटला उशीर. आणि रांग भरते त्या क्षणी अनेकांची पॅकेटं एकदम पडतात, सगळे एकाच वेळी वेग कमी करतात, लाइन काही काळ रिकामी पडते, मग सगळे एकदमच वाढवतात. फ्लॉइड आणि जेकबसन यांचा ऑगस्ट १९९३ चा पेपर, 'रँडम अर्ली डिटेक्शन गेटवेज फॉर कंजेशन अव्हॉइडन्स', म्हणजेच थर्ड इयरच्या परीक्षेत येणारं 'रेड'. राउटरने रांगेच्या लांबीची सरासरी काढत राहायची. सरासरी खालच्या मर्यादेच्या आत असेल तर काही करायचं नाही. दोन मर्यादांच्या मध्ये गेली की वाढत्या संभाव्यतेने एखादं पॅकेट टाकायचं किंवा त्यावर खूण करायची. वरची मर्यादा ओलांडली तर सगळ्यांना तोच न्याय. यातलं सौंदर्य असं की राउटरला कोण किती पाठवतंय याची वही ठेवावी लागत नाही. जो जास्त पाठवतो त्याची पॅकेटं रांगेत जास्त, म्हणून चिठ्ठी त्याचीच जास्त वेळा निघते.

१९९८ मध्ये आरएफसी २३०९ आलं (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या मानकांचे नि शिफारशींचे क्रमांकित दस्तऐवज). इंटरनेटच्या राउटरांनी रांगांचं सक्रिय व्यवस्थापन करावं आणि दुसरं काही विशेष कारण नसेल तर रेड वापरावं, अशी त्यात शिफारस होती. राउटर बनवणाऱ्यांनी रेड आणि त्याचे भाऊबंद उपकरणांत घातलेही. पण चालवणाऱ्यांपैकी अनेकांनी ते सुरू केलं नाही. कारण मर्यादा किती ठेवायच्या, सरासरीचं वजन किती, संभाव्यता जास्तीत जास्त किती, हे सगळं हाताने ठरवावं लागायचं, आणि चुकलं तर लाइन आधीपेक्षा वाईट चालायची. १९९९ पासून तर रेड का लावू नये यावरच पेपर येऊ लागले.

फ्लॉइड यांनी यावर काय केलं ते नीट बघण्यासारखं आहे. मूळ पेपरातल्या प्रयोगांत कमाल संभाव्यता पन्नासात एक होती; १९९७ मध्ये त्यांनी स्वतःच जाहीरपणे सांगितलं की ती दहात एक ठेवा. वरच्या मर्यादेला एकदम सगळी पॅकेटं टाकण्याऐवजी संभाव्यता सावकाश चढू द्यायची, ही शिफारसही त्यांनी केली. २००१ मध्ये रामकृष्ण गुम्माडी आणि स्कॉट शेंकर यांच्याबरोबर त्यांनी अशी आवृत्ती लिहिली जी कमाल संभाव्यता आपली आपण जुळवून घेते. तरीही प्रश्न पूर्ण सुटला नाही. २०१० नंतर घरोघरच्या राउटरांतल्या फुगलेल्या बफरांचा बोभाटा झाला, तेव्हा कॅथलीन निकोल्स आणि तेच व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये 'कोडेल' आणलं. त्यात रांगेची लांबी बघतच नाहीत, पॅकेट रांगेत किती वेळ थांबलं ते बघतात. २०१५ चं आरएफसी ७५६७ जुन्या शिफारशीच्या जागी आलं. रांगांचं व्यवस्थापन हवंच, हे त्याने कायम ठेवलं; रेडच वापरा, हे मात्र काढून टाकलं.

मग त्या पेपराची हजारो सायटेशन कशाची? त्यातली पुष्कळशी अशी आहेत की कुणीतरी नवी रांग-पद्धत काढली आणि ती रेडपेक्षा सरस आहे हे दाखवलं. स्कॉलरच्या पानावर हे सगळं एकाच आकड्यात मिसळून जातं. पंचवीस वर्षं एक अख्खा उपविषय एका पेपराशी ताडून स्वतःला मोजत राहिला, हा प्रभावच आहे, पण 'जगातले राउटर रेडवर चालतात' यापेक्षा वेगळ्या जातीचा. सेमिनारमध्ये हे वेगळं करून सांगा. निवडक वीस-पंचवीस सायटेशन उघडून प्रत्येकात रेड कशासाठी आलंय ते टिपलंत तरी परीक्षक खूश होतील.

आता दोन बिटांकडे येतो, कारण माझ्या मते त्यांच्या कामाचा खरा गाभा इथे आहे. रेडच्या पेपरातच पॅकेट टाकण्याऐवजी खूण करायची मुभा होती. ही कल्पना आधीची: के. के. रामकृष्णन आणि राज जैन यांनी ऐंशीच्या दशकात डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये 'डेकबिट' मांडलं होतं. दोघेही बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतून शिकलेले. फ्लॉइड यांनी १९९४ मध्ये टीसीपीसाठी अशी खूण कशी वापरता येईल यावर पेपर लिहिला, मग रामकृष्णन आणि त्या एकत्र आल्या. १९९९ मध्ये प्रायोगिक आरएफसी, आणि सप्टेंबर २००१ मध्ये डेव्हिड ब्लॅक यांच्यासह आरएफसी ३१६८. हेच 'ईसीएन', एक्स्प्लिसिट कंजेशन नोटिफिकेशन. आयपी हेडरमधले दोन बिट आणि टीसीपीचे दोन फ्लॅग, बस. राउटरने पॅकेट न टाकता त्यावर गर्दीची खूण करायची, घेणाऱ्याने ती पाठवणाऱ्याला कळवायची, पाठवणाऱ्याने वेग कमी करायचा. एकही पॅकेट वाया न जाता निरोप पोचतो.

हे कागदावर मान्य झालं तरी इंटरनेटवर चालेना. वाटेतल्या काही फायरवॉलना हे नवे फ्लॅग ओळखीचे नव्हते. ते दिसले की त्या जोडणीच तोडायच्या किंवा पॅकेट गिळून टाकायच्या. लिनक्सवर ही सोय चालू केली की काही वेबसाइट उघडतच नसत. इथे फ्लॉइड यांचा स्वभाव दिसतो. जितेंद्र पाध्ये यांच्याबरोबर त्यांनी 'टीबिट' नावाचं साधन बांधलं, ते वेब सर्व्हरांशी जोडणी करून त्यांचं टीसीपी प्रत्यक्षात कसं वागतं ते तपासायचं. पुस्तकातलं टीसीपी आणि रस्त्यावरचं टीसीपी यांतला फरक त्यातून मोजला गेला. मग २००२ मध्ये त्यांनी एकटीच्या नावावर आरएफसी ३३६० लिहिलं, की अनोळखी फ्लॅग दिसला म्हणून जोडणी तोडणं चूक आहे, कारण त्याने पुढे येणाऱ्या प्रत्येक सुधारणेची वाट बंद होते. या दस्तऐवजाला सायटेशन मोजकी. पण प्रोटोकॉलमध्ये काही नवं घालू पाहणाऱ्या प्रत्येकाला जो अडथळा लागतो, तो इतक्या लवकर आणि इतक्या स्पष्टपणे फार कमी जणांनी मांडला होता.

बरीच वर्षं हे बिट जवळजवळ पडून होते. २०१० मध्ये डेटा सेंटरसाठी 'डीसीटीसीपी' आलं, ते संपूर्ण याच खुणांवर उभं आहे. आणि त्याच्या लेखकांनी स्विचमध्ये खूण करण्यासाठी नवं हार्डवेअर मागितलं नाही. स्विचमध्ये आधीपासून असलेलं रेडच घ्या, दोन्ही मर्यादा एकाच आकड्यावर ठेवा आणि सरासरीऐवजी त्या क्षणाची लांबी बघा, इतकंच सांगितलं. म्हणजे इंटरनेटवर जे रेड कुणी चालू करेना, ते डेटा सेंटरांत या वाटेने कामाला लागलं. आणि २०२३ मध्ये आलेली 'एल४एस' ही कमी उशिराची योजना त्या दोन बिटांच्या चार जोड्यांपैकी जी जवळजवळ न वापरलेली होती, तिच्यावर चालते. २००१ च्या दस्तऐवजात ती जागा राखली नसती तर आज आयपी हेडरमध्ये नवा बिट मिळवणं केवढं अवघड झालं असतं, हे या क्षेत्रातला कुणीही सांगेल.

सिलेक्टिव्ह अॅक्नॉलेजमेंटबद्दल थोडक्यात. १९९६ च्या आरएफसी २०१८ च्या चार लेखकांपैकी त्या एक. कुठली पॅकेटं मिळाली नि मधली कुठली राहिली हे घेणाऱ्याला नेमकं सांगता येतं, ते यामुळे. त्याच वर्षी केविन फॉल यांच्याबरोबर त्यांनी टीसीपीच्या जुन्या-नव्या आवृत्त्यांची सिम्युलेशनवर तुलना केली. ती आकृत्यांसकट वाचा, वर्गात शिकवायला याहून चांगलं साहित्य मला सापडलेलं नाही.

त्यांच्या कामाचा आणखी एक भाग आहे जो विद्यार्थी हमखास सोडतात, कारण त्यात अल्गोरिदम नाही. व्हर्न पॅक्सन यांच्याबरोबरचा १९९४ चा पेपर, विस्तारित रूपात १९९५ चा, पॉइसॉन मॉडेलच्या अपयशाबद्दल. टेलिफोनच्या काळापासून वाहतुकीचं गणित पॉइसॉन गृहीत धरून होत असे: येणारे कॉल एकमेकांपासून स्वतंत्र, आणि मोठ्या कालावधीची सरासरी घेतली की चढउतार सपाट होतात. अमेरिकेतल्या टेलिफोन कंपन्यांच्या बेलकोर या संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी १९९३ मध्ये इथरनेटवर हे खोटं पडतं असं दाखवलं होतं. पॅक्सन आणि फ्लॉइड यांनी लांब पल्ल्याच्या जाळ्यांवरच्या २४ नोंदी तपासल्या. माणूस टेलनेट (दूरच्या कॉम्प्युटरवर लॉगिन) किंवा एफटीपीचं (फाइल पाठवण्याचं) सत्र सुरू करतो ते क्षण पॉइसॉनला धरून निघाले. त्या सत्रांतली पॅकेटं आणि डेटा मात्र नाही, ती घोळक्याने येतात आणि काळाची मोजपट्टी मोठी केली तरी घोळके राहतातच. निष्कर्ष नुसता 'चूक' असा नाही, कुठवर बरोबर आणि कुठून चूक हे आखून दिलेलं आहे. यानंतर पॉइसॉन पॅकेटं गृहीत धरून सिम्युलेशन करणाऱ्याला त्याचं समर्थन द्यावं लागू लागलं.

याच दोघांनी इंटरनेटचं सिम्युलेशन करणं इतकं कठीण का, यावर लिहिलं; आधी १९९७ मध्ये परिषदेत, मग २००१ मध्ये जर्नलमध्ये. जाळं सतत बदलतं, प्रत्येक कोपरा वेगळा, उद्या कुठलं अॅप्लिकेशन येऊन सगळी वाहतूक खाईल ते आज ठाऊक नाही. मग करायचं काय? एका मांडणीवर एक निकाल काढून थांबू नका. परिस्थिती बदलत न्या आणि निकाल कुठे मोडतो ते शोधा. हे लिहिणाऱ्या फ्लॉइड स्वतः 'एनएस' सिम्युलेटरच्या घडणीत होत्या, म्हणून त्याला वजन आहे. एम.टेक.च्या प्रत्येक विद्यार्थ्याने पहिलं सिम्युलेशन चालवण्याआधी हा पेपर वाचावा असं मला मनापासून वाटतं.

आणि मला सर्वांत आवडणारा त्यांचा पेपर: १९९३ चा, राउटरांच्या निरोपांबद्दलचा. बर्कलीहून एमआयटीला पाठवलेली पिंग (जोडणी तपासणारी) पॅकेटं दर ९० सेकंदांनी हरवायची. वाटेतले राउटर दर ९० सेकंदांनी एकमेकांना मार्गांची माहिती पाठवत होते, आणि सगळे एकाच वेळी! प्रत्येकाचं घड्याळ स्वतंत्र, सुरुवात वेगवेगळ्या क्षणी, तरी कालांतराने सगळे एका तालात कसे येतात? फ्लॉइड आणि जेकबसन यांनी दाखवलं की शेजाऱ्याचा निरोप वाचण्यात गेलेल्या वेळामुळे दोन घड्याळं एकमेकांना चिकटतात, आणि पुरेशी चिकटली की सगळं जाळं अचानक एकतालात जातं. थोडीशी यादृच्छिकता पुरत नाही, भरपूर घालावी लागते. आज कुठल्याही सर्व्हरचं कोड उघडा, पुन्हा प्रयत्न करण्याआधी थांबायच्या वेळेत यादृच्छिक भाग घातलेला दिसेल. ते लिहिणाऱ्यांपैकी बहुतेकांनी हा पेपर पाहिलेला नसतो. सवय झालेल्या कल्पनेला सायटेशन मिळत नाही.

त्यांच्या नावावरच्या आरएफसींपैकी दोन वेगळे काढून वाचा. २००० चं आरएफसी २९१४ कंजेशन कंट्रोलची तत्त्वं सांगतं, आणि मार्क ऑलमन यांच्यासह लिहिलेलं २००७ चं आरएफसी ५०३३ सांगतं की नवा कंजेशन कंट्रोल आणायचा असेल तर काय काय सिद्ध करून दाखवावं लागेल. यातल्या दुसऱ्या आरएफसीची सुधारित आवृत्ती २०२५ मध्ये निघाली, म्हणजे इंटरनेटची मानकं ठरवणारी आयईटीएफ अजून याच चौकटीत वाद घालते. ही चौकट त्यांनी आधी स्वतःला लावली होती. २००३ च्या हायस्पीड टीसीपीच्या आरएफसीत त्यांनी हिशेब मांडला: १५०० बाइटची पॅकेटं, जाऊन-येऊन १०० मिलिसेकंद, आणि सेकंदाला १० गिगाबिट वेग नेहमीच्या टीसीपीने टिकवायचा तर सरासरी विंडो (पोच येण्याआधी एका वेळी वाटेत असू शकणारी पॅकेटं) ८३,३३३ पॅकेटांची हवी, आणि पाच अब्ज पॅकेटांमागे गर्दीचा एकच प्रसंग चालेल, म्हणजे पावणेदोन तासांच्या आसपास एक. प्रत्यक्ष लाइनवर असं होणं शक्य नाही. नवी पद्धत का हवी हे पटवायला त्यांना विशेषणं लागली नाहीत.

मग सेमिनार बांधायचा कसा? माझा सल्ला: वर्षवार यादी करू नका. रेड घ्या आणि १९९३ पासून डेटा सेंटरपर्यंतचा त्याचा प्रवास सांगा, टीका लपवू नका. त्याशेजारी दोन बिटांची गोष्ट ठेवा. मग पॅक्सन यांच्याबरोबरचे दोन पेपर. तीस मिनिटांत याहून जास्त मावणार नाही. स्कॉलरचा आकडा एका ओळीत द्या, आणि शेजारी आरएफसींची संख्या न देता कुठल्या आरएफसीचा आज कोडमध्ये काय अवशेष आहे ते द्या.

जमलं तर प्रत्यक्ष दाखवाही. वायरशार्क (पॅकेटं पकडून दाखवणारं साधन) लावून कुठलीही वेबसाइट उघडा आणि टीसीपीच्या पहिल्या पॅकेटचे पर्याय बघा. 'सॅक परमिटेड' (म्हणजे वर सांगितलेलं आरएफसी २०१८ चं काम) बहुधा दिसेलच. त्याच पॅकेटच्या आयपी हेडरमध्ये ईसीएनचे दोन बिट वेगळे दाखवलेले असतात. पहिल्या पॅकेटवर ते शून्यच असतात; लिनक्सवर पुढच्या पॅकेटांवरही ते बहुधा शून्य दिसतील, कारण लिनक्सचं मूळ सेटिंग असं आहे की समोरच्याने मागितलं तर हो म्हणायचं, स्वतःहून मागायचं नाही. ते सेटिंग १ करून पुन्हा जोडणी करा, आणि दोन्ही टीसीपी फ्लॅग पहिल्याच पॅकेटमध्ये उठलेले दिसतील. अडलं तर खाली विचारा, मी कमांड लिहून देईन.